वाघाची नखं: धार कशाला, म्यान कशाला?

सोफ्याखालचा_उंदीर

मागच्या महिन्यात ताडोबाला जाऊन आलो. तीन सफाऱ्या केल्या. वाघ एकदाच दिसला, तोही पाठमोरा, बांबूत शिरताना. सोबतच्या मंडळींनी शेपटीचे चाळीसेक फोटो काढले. माझ्या डोक्यात मात्र एक झाड घर करून बसलंय.

नाल्याच्या कडेला अर्जुन होता. अर्जुनाची साल पांढुरकी आणि गुळगुळीत, तिच्यावर केलेला कारभार लपत नाही. पुरुषभर उंचीच्याही वरून खाली खेचत आणलेले उभे नखोरे. जुने करडे पडलेले, त्यांच्यावर नवे, आतली गुलाबी साल उघडी पडलेली. एका जागी सालीची पट्टी लोंबत होती. गाडीतून उतरायला मनाई, म्हणून दुर्बिणीतूनच बघत बसलो. गाईडदादा म्हणाले, "वाघ धार लावतो इथं." मागच्या सीटवरच्या काकांनी विचारलं, "म्हणजे सुरीसारखी?" दादा नुसते हसले.

घरी आल्यावर सोफा सरकवून झाडत होतो, तर केरात एक नख मिळालं. अर्धचंद्रासारखं, पारदर्शक, आतून पोकळ. आमच्या मनीचं नख उपटलं की काय म्हणून पोटात गोळा आला. तिला धरून एकेक बोट दाबून पाहिलं, तर सगळी नखं जागच्या जागी, टोकदार, नवीकोरी. ते करताना मला दोन ओरखडे मिळाले, ते वेगळं.

तर प्रश्न असे. धार लावायची तर नख झिजायला हवं, हे टोपणासारखं निघतं कसं? एवढं हत्यार जवळ असताना ते आत का लपवायचं? आणि वाघ नखांनी नेमकं करतो काय, फाडतो की आणखी काही? जाणकारांनी लिहा. अजाणकारांनीही लिहा, शनिवार आहे.

टवाळ_पाटील

पहिल्याचं माहीत नाही. दुसऱ्याचं सांगतो: आमचे साहेबही वर्षभर आतच ठेवतात, अप्रेझलच्या महिन्यात बाहेर काढतात.

गुराढोरांचा_डॉक्टर

छान विषय काढलात. मी पशुवैद्य, आयुष्य गाई-म्हशींत गेलं. मांजरं फावल्या वेळात आणि बिबटे वन खात्याचा फोन आला तर. तेव्हा जे हाताखालून गेलंय तेवढं लिहितो.

आपण म्हणतो, मांजर नख "आत घेतं". खरं तर नख आत असणं हीच आरामाची स्थिती, कष्ट पडतात ते बाहेर काढायला. बोटाच्या अगदी शेवटच्या हाडावर नख बसलेलं असतं. ते हाड मधल्या हाडाच्या बाहेरच्या अंगाला मुडपून ठेवलेलं असतं आणि रबरासारखे ताणणारे बंध त्याला तिथं धरून ठेवतात. स्नायूला काहीच काम नाही, जनावर गाढ झोपलं तरी नख आतच. बोटं वाकवणारा स्नायू आखडला की त्याची दोरी शेवटचं हाड पुढं आणि खाली ओढते आणि नख बाहेर येतं. सायकलचा ब्रेक डोळ्यांपुढं आणा: लिव्हर दाबला तर काम होतं, सोडला की स्प्रिंग आपोआप मागं नेते. तुम्ही मनीचं बोट वरून-खालून दाबता तेव्हा त्या दोरीचं काम तुमचं बोट करतं. मनीपासून वाघापर्यंत यंत्र हेच, फक्त माप वेगळं. मोठ्या नर वाघाचं पुढचं नख वळणावरून मोजलं तर आपल्या करंगळीपेक्षा लांब भरतं.

आता धार. नखाच्या आत हाडाचा कोंब, त्यावर रक्ताचा जिवंत पापुद्रा आणि त्यावर केराटिनचे, म्हणजे आपली नखं-केस ज्याचे बनतात त्याचे, थर, एकात एक घातलेल्या आइस्क्रीमच्या कोनांसारखे. बाहेरचा कोन बोथट झाला की खरबरीत सालीत नख रोवून खाली ओढायचं, कोन निघून येतो. खालचं टोक तयारच असतं. तुमच्या केरात सापडला तो कोन. तेव्हा गाईडदादा चूक नव्हते, पण काकांची सुरीही नव्हे. धार लावणं नाही, सोलणं आहे ते. झाडाच्या सालीत कधीकधी वाघाचं असं टरफल अडकलेलं सापडतं.

आणि त्याच झाडावर पुन्हापुन्हा का? बोटांच्या बेचक्यांत गंधग्रंथी असतात. नखोरे ही डोळ्यांना दिसणारी सही, वास ही नाकाला कळणारी. उंचावर केली की सही करणारा केवढा आहे तेही कळतं.

पायवाट

डॉक्टर, सुंदर समजावलंत.

म्यानाचा रोजचा फायदा जंगलात मातीवर वाचता येतो. धुळीत ठसा दिसला की आधी नखं बघायची. चार बोटं, मागं गादीला तीन पाकळ्या आणि बोटांपुढं नखांचे टोचे नाहीत, तर मांजरकुळातला. टोचे असतील तर कुत्रा, लांडगा किंवा तरस. कुत्र्याची नखं जन्मभर रस्त्यावर घासतात, म्हणून ती बोथट खिळ्यासारखी. वाघाची जमिनीला लागतच नाहीत, म्हणून टोक राहतं.

एक सावधगिरी. चिखलात पाय घसरला, चढ चढायचा असला किंवा वाघ झेपावला तर त्याच्याही ठशात नखं उमटतात. त्यामुळे एका ठशावरून निकाल देऊ नये, दहा पावलं माग बघावा.

पूर्वी वाघांची गणतीसुद्धा ठशांवरूनच व्हायची. काचेवर ठसा गिरवायचा, प्लास्टरचा साचा घ्यायचा. एकच वाघ ओल्या रेतीत वेगळा दिसतो आणि कोरड्या धुळीत वेगळा, मग आकडे फुगायचे. २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्काच्या जंगलात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं आणि त्या पद्धतीवरचा विश्वास उडाला. आता पट्ट्यांचे फोटो काढून मोजतात. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ भरले ते असे.

अडाणी_प्रश्न

मी एक बावळट प्रश्न विचारू? बोटं चार तर नखं एकूण सोळा का?

पायवाट

अठरा. पुढच्या पायाला पाचवं बोट असतं, आपल्या अंगठ्यासारखं, पण मनगटाजवळ वर. ते जमिनीला टेकत नाही म्हणून ठशात येत नाही. मागच्या पायांना चार-चारच.

उसाच्या_बांधावर

राम राम मंडळी. मी जुन्नर तालुक्यातला. वाघ आमच्याकडं नाही, पण बिबट्या म्हणजे शेजारीच. ऊस त्याचं घर झालंय. त्याची नखं मी एकदा हातभर अंतरावरून बघितली, ते सांगतो.

आमच्या भावकीतल्या एका विहिरीत रात्री बिबट्या पडला. कुत्र्यामागं धावला असेल. सकाळी मोटार चालू करायला पोरगा गेला तर आत गुरगुर. विहीर जुनी असती तर दगडी बांधकामाच्या फटींत नख घालून कदाचित वर आला असता. ही सिमेंटची, रिंगा टाकलेली, गुळगुळीत. पाण्याच्या वर दोन हातांपर्यंत सगळीकडं पांढऱ्या रेघा. बिचाऱ्यानं रात्रभर प्रयत्न केला असणार. शेवटी मोटारीच्या पाइपाला पुढच्या दोन्ही पायांनी मिठी मारून लोंबकळत होता, मागचं अंग पाण्यात.

वन खात्याची माणसं आली. आधी गर्दी हटवली, त्यातच दोन तास. मग चार कोपऱ्यांना दोर बांधून एक बाज खाली सोडली. आमच्या चुलतीची बाज, सुंभानं विणलेली. बाज पाण्याला टेकली आणि त्यानं पाइप सोडून एका झेपेत ती धरली. वर चढून बसला आणि थरथरत राहिला, ओला, एवढासा दिसत होता. मी काठावर पालथा पडून बघत होतो. नखं सुंभात आरपार गेलेली, एकेक नख स्वच्छ दिसत होतं, मुळाशी पिवळट-राखाडी, टोकाला पांढरं. दोन नखं मात्र तुटून रक्ताळलेली, सिमेंटवरची. दमला तरी पकड सैल झाली नाही. डॉक्टर म्हणतात तो स्नायू, तो रात्रभर आखडलेलाच असणार.

पिंजरा काठाला लावून बाज वर घेतली, तर पिंजऱ्यात जायला तो तयार, पण नखं सुंभातून सुटेनात. एक पाय उचलला की दुसरा अडकतो. शेवटी झटका देऊन सुटला. पिंजऱ्यावर लगेच गोणपाट टाकलं. अंधार केला की शांत होतात, नाहीतर गजांना धडका देऊन सुळे आणि नखं मोडून घेतात. पुढं माणिकडोहला निवारा केंद्रात नेला म्हणे.

चुलती अजून त्याच बाजेवर झोपती. सुंभ तुटलेत तिथं गाठी मारल्यात.

खमंग_चिवडा

अंगावर काटा आला दादा. आणि चुलतीला साष्टांग नमस्कार.

पोथीनिष्ठ

सगळं ठीक, पण मूळ धाग्यातला तिसरा प्रश्न राहिलाच. नखं फाडण्यासाठीच असतात. नरसिंहानं हिरण्यकश्यपूला मांडीवर घेऊन नखांनीच पोट फाडलं. वरदान होतं की ना अस्त्रानं मरण, ना शस्त्रानं, म्हणून नखं.

गुराढोरांचा_डॉक्टर

नरसिंहाला माझा नमस्कार. तो देव होता, त्याला सगळं शक्य. साधा सिंह किंवा वाघ मात्र तसं करत नाही.

मारतो तो दातांनी. लहान सावज असेल तर मानेच्या मागून चावा, मोठं असेल तर गळा धरून श्वास कोंडेपर्यंत सोडायचं नाही, त्याला कित्येक मिनिटं लागतात. आणि ती मिनिटं सांभर काही उभं राहत नाही, लाथा झाडतं. तेवढा वेळ त्याला जागेवर धरून ठेवणं, हे नखांचं काम. नख आकड्यासारखं वाकडं असतं ते यासाठी. कापायचं असतं तर सरळ आणि पात्यासारखं असतं. सावज जितकं लांब ओढेल तितकं ते आत रुततं, मासा गळाला लागतो तसं. पोट फोडणं आणि मांस तोडणं नंतर, तेही दातांनी.

दुसरी गोष्ट मनगटाची. मांजरकुळाला तळवा आत वळवता येतो, आपण तांब्या धरतो तसा. कुत्र्याला नाही येत. म्हणून रानकुत्री सावज तोंडानंच धरतात आणि त्यांना दहाजण लागतात. वाघ एकटा असतो, पण त्याला दोन हात असतात. एक पंजा सांभराच्या खांद्यावर, दुसरा मान किंवा तोंड धरून खाली पिळायला. वन खात्यासोबत मेलेल्या गुरांचे पंचनामे केलेत. नखांच्या खुणा खांद्यावर, फऱ्यावर, मानेच्या बाजूला मिळतात. जीव गेलेला असतो तो गळ्याजवळच्या सुळ्यांच्या भोकांनी.

फाडतात ते भांडताना, एकमेकांना. आणि माणसावर हल्ला झाला की ओरखडे खोल जातात, कारण आपली कातडी पातळ आणि आपण झटका देऊन सुटायला बघतो. जखम छोटी दिसली तरी दवाखाना गाठावा, कुजक्या मांसाची घाण आत गेलेली असते.

इतिहासाचा_किडा

मग गंमतच झाली. आपलं वाघनख हे हत्यार फाडायचं आहे. आडव्या पट्टीला चार पोलादी आकडे, बोटं घालायला दोन कड्या, मूठ मिटली की बाहेरून फक्त अंगठ्या दिसतात. प्रतापगडाखाली १० नोव्हेंबर १६५९ ला काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे माणसानं वाघाकडून आकार घेतला, लपवणं घेतलं, काम मात्र बदललं. वाघ ज्यानं धरतो त्यानं आपण फाडलं. लपवण्याची कल्पना मात्र अस्सल वाघाची.

खमंग_चिवडा

२०२४ मध्ये लंडनहून साताऱ्याला आणलेली बघून आले. काचेपलीकडे अगदी लहान वाटतात. रांग मोठी होती.

छिद्रान्वेषी

ती नक्की महाराजांचीच हे खुद्द लंडनच्या संग्रहालयानंही छातीठोक सांगितलेलं नाही...

सोफ्याखालचा_उंदीर

हात जोडतो. त्या वादाला स्वतंत्र धागा काढा, तिथे मीही येतो. इथे खऱ्या वाघाची नखं.

डॉक्टर, "मासा गळाला लागतो तसं" हे वाचून मनीनं दिलेल्या दोन ओरखड्यांचा हिशोब लागला. तिनं ओरखडलं नव्हतंच, नख नुसतं टेकवलं होतं. मीच हात मागं खेचला.

गुराढोरांचा_डॉक्टर

बरोबर. पुढच्या वेळी हात तिच्याकडे ढकला, नख आपोआप सुटेल. सांगायला सोपं आहे म्हणा.

मी_रंकाळ्याचा

चित्त्याचा विषय अजून कसा निघाला नाही? आमच्या कोल्हापूर संस्थानात शिकारीचे चित्ते पाळायचे, गाडीवरून माळावर नेऊन काळविटामागे सोडायचे. आजोबा सांगायचे की चित्त्याची नखं कुत्र्यासारखी, आत जातच नाहीत.

पायवाट

आजोबांनी बघितलं ते खरं, कारण थोडं वेगळं. नख मागं घेणारे बंध चित्त्यालाही आहेत. नाही ते म्यान, म्हणजे नख झाकणारी कातडीची घडी. त्यामुळे मागं घेतलेलं नखही उघडंच राहतं, जमिनीवर घासतं आणि बोथट होतं. त्याच्या शास्त्रीय नावातल्या "ॲसिनोनिक्स"चा अर्थच न हलणारं नख. नाव देणाऱ्यांचीही तुमच्या आजोबांसारखीच समजूत झालेली.

धावणाऱ्याला मात्र ते सोयीचं, खिळ्यांचे बूट घातल्यासारखं. वळताना पाय घसरत नाही. मग सावज अडवायचं कशानं? तर ते पाचवं, अंगठ्याचं नख. ते जमिनीला लागत नाही म्हणून चित्त्याच्या अंगावर तेवढंच एक अणकुचीदार राहिलेलं असतं. पळत्या काळविटाच्या मागच्या पायात ते अडकवायचं, तोल गेला की संपलं. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते कुनोला आले. वाघ-बिबट्यांच्या ठशांना सरावलेल्या डोळ्यांना तिथे नखांसकट ठसा बघायची नव्यानं सवय करावी लागत असणार.

सातासमुद्रापार

इथे अमेरिकेत मांजर घरी आणलं तेव्हा शेजारीण सहज म्हणाली, "नखं काढून घे, सोफे वाचतील." मला वाटलं कापायची म्हणतेय. चौकशी केली तर कळलं की बोटाचं शेवटचं हाडच तोडतात. वर डॉक्टरांनी लिहिलंय तेच हाड. आपल्या प्रत्येक बोटाचं पहिलं पेर उडवल्यासारखं. न्यू यॉर्क राज्यानं २०१९ मध्ये यावर बंदी घातली, बऱ्याच राज्यांत अजून चालतं. खासगी मालकीच्या वाघ-सिंहांवरही हे सर्रास व्हायचं. जनावर जड, सगळा भार उरलेल्या बोटांवर, मग लंगडणं आणि सांधेदुखी. सोफ्याला खरवडायचा खांब घेतला, साठ डॉलर. सोफा तरीही गेला.

गुराढोरांचा_डॉक्टर

उलट बाजूही असते. म्हाताऱ्या, पिंजऱ्यातल्या जनावराला खरवडायला ओंडका मिळाला नाही किंवा त्याचे सांधे धरले, तर टरफल निघत नाही. नख वाढत-वळत जाऊन त्याच्याच गादीत घुसतं. अंगठ्याचं तर हमखास. आजीच्या मांजराची ती पाचवी नखं तपासत जा सगळ्यांनी.

पंजा गेला की शिकार गेली. कॉर्बेटनं मारलेल्या मुक्तेश्वरच्या नरभक्षक वाघिणीचं उदाहरण प्रसिद्ध आहे. साळिंदराशी झटापटीत एक डोळा गेला आणि उजव्या पुढच्या पायात आणि गादीखाली पन्नासेक काटे रुतून राहिले. सावज धरायचा हातच निकामी, मग ती माणसाकडं वळली.

माहेरवाशीण

मी आतापर्यंत नुसती वाचत होते. आता घाबरत विचारते. माहेरी आजीच्या डब्यात सोन्यात मढवलेलं वाघनख आहे. बाबांच्या गळ्यात लहानपणी नजर लागू नये म्हणून असायचं. आजी ते आता माझ्या लेकीला घालायचं म्हणतेय. फोटो टाकू का इथे, कोणी ओळखेल?

सरळमार्गी

ताई, फोटो टाकू नका! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघ पहिल्या अनुसूचीत आहे. नख जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हा, शिक्षा तीन ते सात वर्षं. "वडिलोपार्जित" म्हणून सूट मिळत नाही. जुन्या वस्तू जाहीर करायला २००३ मध्ये सहा महिन्यांची मुदत दिली होती, ती कधीच संपली. एखाद्या वकिलाशी बोला आणि वन खात्याकडे स्वतःहून जा. बाळाच्या गळ्यात तर मुळीच नको.

गुराढोरांचा_डॉक्टर

सहमत. घाबरू मात्र नका. जुन्या डब्यांतली पुष्कळशी "वाघनखं" म्हशीच्या किंवा बैलाच्या शिंगातून कोरलेली असतात. खरं नख दोन्ही बाजूंनी चपटं असतं आणि बुडाशी पोकळ, कारण तिथं हाडाचा कोंब असतो. शिंगाचं बहुधा भरीव. सोन्याच्या मढवणीत बूड झाकलेलं असतं, त्यामुळे नुसतं बघून सांगता येत नाही. निकाल वन खात्याच्या तपासणीनंच.

माहेरवाशीण

अपडेट द्यायला तीन आठवड्यांनी आले. वकिलांच्या सल्ल्यानं बाबा स्वतःच डबा घेऊन गेले. मढवण काढल्यावर ते आतून भरीव निघालं, शिंगाचं. लेखी घेऊन ते परत दिलं. सोनं वेगळं पुडीत, शिंग वेगळं.

आजीला सांगायला आम्हाला धीर होईना. साठ वर्षं तिनं ते देवघरात ठेवलेलं. शेवटी बाबांनीच सांगितलं. आजीनं ते शिंग हातात घेतलं, चष्मा वर करून उलटंपालटं बघितलं आणि म्हणाली, "मेला सोनार! वाघाचे पैसे घेतले होते त्यानं."

टवाळ_पाटील

सोनाराची नखं मोजली का कोणी?